जनरल वॉर्डाचा पीक लोड

एस्तेरच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या एका बांधकामावर उन्हात उभी राहून मिस्त्रींशी वाद घालत होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ फोनवर नुसता घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. सकाळी उठून चहा घेतला, साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली, खुर्चीत पेपर घेऊन बसली आणि बसल्या जागी गेली. मी मिस्त्रींना काम चालू ठेवायला सांगितलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसले. रडू लगेच आलं नाही. आधी आला तो राग. दोनच दिवसांपूर्वी माझ्या ऑफिसच्या पश्चिमेकडच्या खिडकीवरून आमचा कडाक्याचा वाद झाला होता आणि तो तिने जिंकला होता. आता तो मला कधीच उलटवता येणार नव्हता... मग मात्र टाकीला टेकून मी पोटभर रडून घेतलं.

आमची ओळख पुण्यातल्या होस्टेलवरची. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, मी आर्किटेक्चरला, आणि दोघी नगरकडच्या म्हणून रेक्टरबाईंनी आम्हाला एका खोलीत कोंबलं. तिचे वडील नगरच्या मिशन शाळेत गणित शिकवायचे. माझे वडील देवळाली प्रवऱ्याला ऊस लावायचे. नाताळाला तिच्या आईच्या करंज्यांचा डबा यायचा आणि संक्रांतीला माझ्या आईचा गूळ, आणि दोन्ही डबे एस्तेरच आधी उघडायची. तिला हरणं म्हणून माहीत नव्हतं. कॅरममध्ये हरायला लागली की बोर्ड वाकडा आहे म्हणायची, आणि जिंकली की होस्टेलभर सांगत फिरायची. जिंकल्यावर भेळ खायची हा तिचा नियम होता आणि ती हरलेल्याने आणायची. मी त्या वर्षांत इतकी भेळ आणली आहे की कोपऱ्यावरचा भेळवाला मला बघितलं की न विचारताच "मॅडम जिंकल्या का?" म्हणायचा.

पुढे ती एसीचं काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागली. इमारतीला थंड ठेवायला केवढं यंत्र लागेल, हे काढायचं तिचं काम. सुरुवातीला ती हे कागद-पेन्सिलीने करायची, मग सॉफ्टवेअर आलं आणि ती त्याच्या प्रेमातच पडली. वडील थकले तेव्हा नोकरी सोडून नगरला आली आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून तिने स्वतःचं काम सुरू केलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, वाद घालायला वसुधा आहे की. वसुधा म्हणजे मी.

ती नेमकं काय करायची हे तिच्या घरच्यांनाही नीट सांगता यायचं नाही, म्हणून इथे सांगते. जी इमारत अजून उभीच राहिलेली नाही, तिची एक नक्कल कॉम्प्युटरात उभी करायची. भिंती कशाच्या, खिडक्या कुठल्या दिशेला, वर छत कसलं, आत माणसं किती आणि कुठल्या वेळी, दिवे किती, यंत्रं कुठली, सगळं त्यात भरायचं. मग त्या नकलेवरून आपल्या भागातलं वर्षभराचं ऊन-वारं तासातासाने जाऊ द्यायचं. शेवटी सॉफ्टवेअर जो अहवाल देतं त्यात काही पानं पीक लोडची असतात. प्रत्येक खोलीवर वर्षातला सगळ्यात जास्त उष्णतेचा भार कधी येतो, किती येतो, त्यात छताचा वाटा किती, खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा किती, माणसांचा किती, हे त्यावर ओळीने लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यातले बहुतेक लोक त्यातला फक्त सगळ्यात खालचा मोठा आकडा बघतात आणि तेवढं यंत्र मागवून मोकळे होतात. मीही तेच करायची. एस्तेर त्या आकड्यावर चक्क हात ठेवायची. आख्खा तळवा. "किती ते नंतर. आधी कधी ते वाच," म्हणायची. महिना कुठला, तास कुठला. वेळ कळली की भार कुठून येतोय ते कळतं, आणि कुठून येतोय ते कळलं की तो कमी करता येतो, एवढं साधं तिचं म्हणणं होतं. हे ती इतक्या वेळा ऐकवायची की मला त्याचा वैताग यायचा.

त्या वैतागाचं चीज झालं ते गोदाकाठच्या एका रुग्णालयात. पुणतांब्याच्या बाजूला आसपासच्या गावांनी मिळून चालवलेलं बाळंतपणाचं एक धर्मादाय रुग्णालय आहे. जुनी इमारत पडायला आली होती, नव्या इमारतीचे नकाशे माझ्याकडे होते. तळाला ओपीडी, मधे ऑपरेशन थिएटर आणि खासगी खोल्या, आणि सगळ्यात वर, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली, बाळंतिणींचा जनरल वॉर्ड. ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा. धोतर-टोपीतले, उसाचे आणि कांद्याचे बागायतदार, शब्दाला पक्के. अण्णांनी गावोगाव सभा घेऊन सांगितलं होतं की नव्या दवाखान्यात गरिबाची लेकसुद्धा उन्हाळ्यात गारव्याला बाळंत होईल. जुन्या वॉर्डात मे महिन्यात ओल्या चादरी खिडक्यांना लावायच्या आणि तान्ह्या पोरांना घामोळ्याने रात्ररात्र रडताना बघायचं, हे त्यांनी आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं.

एसीचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. त्यांचे एक इंजिनिअर सॉफ्टवेअरचा अहवाल घेऊन बैठकीला आले. त्यांनी खालचा आकडा वाचला. एवढ्या यंत्राला जेवढी वीज लागणार होती तेवढी रुग्णालयाला मंजूर नव्हती, आणि नवी लाइन कधी येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "नवी लाइन येईस्तवर आजच्या पोरी आज्या व्हतील," ते म्हणाले. "थेटर सोडून चालनार न्हाई. खासगी खोल्यांवर दवाखान्याचा खर्च निघतो. जनरल वॉर्ड काढा ह्यातून. पंखे लावू." हे म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मी नकाशाची गुंडाळी करायला लागले, कारण आर्किटेक्टला अशा वेळी गुंडाळीशिवाय दुसरं काय करता येतं?

एस्तेरला मी त्या बैठकीला नुसती सोबत म्हणून नेलं होतं, परतताना राहुरीला तिच्या मावशीकडे जायचं होतं म्हणून. ती मागच्या खुर्चीवर बसली होती. ती उठली, अहवाल इंजिनिअरांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि म्हणाली, "अण्णा, हा आकडा मला पटत नाही. मला एक आठवडा द्या. तोपर्यंत वॉर्डाचा एसी काढायचा नाही." अण्णांनी माझ्याकडे बघितलं, ही बाई कोण असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, द्या. ती ऐकणार नाही.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तिच्या पुढच्या खोलीत जाऊन बसायची. पहिली गोष्ट तिला पहिल्याच संध्याकाळी सापडली आणि तिने टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की चहा सांडला. इंजिनिअरांनी प्रत्येक खोलीचा सर्वात मोठा भार घेऊन त्यांची बेरीज केली होती. पण पूर्वेच्या ओपीडीला सगळ्यात जास्त ताप होतो सकाळी दहा-साडेदहाला, तेव्हा खासगी खोल्या सावलीत असतात. पश्चिमेच्या खासगी खोल्या भाजतात संध्याकाळी पाचला, तेव्हा ओपीडी बंद असते. खोलीतलं छोटं यंत्र त्या त्या खोलीच्या आकड्याचं घ्यावंच लागतं; पण सगळ्यांना मिळून गारवा पुरवणाऱ्या मोठ्या यंत्राला एकाच वेळी सगळ्यांची तहान भागवायची नसते. सगळी इमारत मिळून कुठल्या तासाला जास्तीत जास्त तापते, तेवढंच त्याच्यासाठी बघायचं. आणि तो आकडा त्याच अहवालात पुढच्या पानावर छापलेला होता. पान कुणी उलटलंच नव्हतं.

आकडा बराच उतरला, तरी मंजूर विजेत बसेना. मग तिने जनरल वॉर्डाची ओळ घेतली. भाराची वेळ संध्याकाळची, आणि त्यात सिंहाचा वाटा छताचा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ऊन उतरल्यावर आत उष्णता सोडत राहतो. आपल्याकडे गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी करतात, ती आणि तिच्याखाली उष्णता अडवणारा थर, एवढं तिने नकलेत घातलं. आकडा अगदी काठोकाठ बसला. मी पर्स उचलली आणि म्हटलं, चल, भेळ माझ्याकडून. तर ती हलेना. वॉर्डात माणसं कधी असतात आणि काय करतात याची जी तासवारी इंजिनिअरांनी भरली होती, ती सॉफ्टवेअरबरोबर आलेली तयार तासवारी होती, कुठल्या तरी परदेशी रुग्णालयाची. "ही माणसं पुणतांब्याची नाहीत वसू," ती म्हणाली. "उद्या मी जाऊन बघून येते." मी म्हटलं बसलंय तर बसू दे ना बाई आता, कशाला उकरतेस. ती पहाटेची एसटी पकडून गेली.

परत आली ती वेगळीच. थेट कॉम्प्युटरपुढे बसली, वॉर्डाच्या तासवारीत काहीतरी भरलं, सॉफ्टवेअर चालवलं आणि अहवाल माझ्यापुढे सरकवला. खालच्या आकड्यावर नेहमीसारखा तळवा. मी वेळ वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. जनरल वॉर्डावर वर्षातला सगळ्यात जास्त भार येत होता सकाळी सात वाजता.

दुसऱ्या बैठकीला हा अहवाल बघून पुण्याचे इंजिनिअर हसू दाबत म्हणाले की मॅडम, सकाळी सातला वॉर्ड सगळ्यात गार असायला हवा, तुमची फाइल बिघडली असेल. मला वाटलं आता एस्तेर त्यांना सोडत नाही. पण ती शांत होती. "फाइल ठणठणीत आहे," ती म्हणाली. "सातला वॉर्डात काय चालतं ते इथल्या लोकांना विचारा." शेवटी भिंतीशी उभ्या असलेल्या मालन सिस्टर पुढे आल्या. आयुष्य त्या वॉर्डात काढलेली बाई, पण डॉक्टरांकडे बघायचं धाडस होईना. "शेक चालतो साहेब," त्या म्हणाल्या. "बाळंतिनीला शेक दिल्याबिगर सासवा ऐकत न्हाईत. डॉक्टरांचा राऊंड नवाला असतो, त्याच्या आधी उरकत्यात. खाटंखाली शेगड्या ठिवत्यात. कोळशाच्या."

डॉक्टर ताडकन उठले. शेगडीला वॉर्डात बंदी होती, तशी पाटी त्यांनी स्वतः लावली होती. ते सिस्टरवर बरसणार तेवढ्यात एस्तेर मधे पडली, आणि तिचं ते बोलणं त्या खोलीतला कुणीही विसरलेला नाही. "डॉक्टर, आज खिडक्या उघड्या असतात म्हणून तो धूर बाहेर जातो. एसीसाठी त्या खिडक्या आपण कायमच्या बंद करणार आहोत."

मी पुढ्यातल्या नकाशाकडे बघितलं. बंद खोली, ओळीने लावलेल्या खाटा, खाटांखाली निखारे, आणि आत तान्ही पोरं. मी काढलेला नकाशा होता तो. आकडा काठोकाठ बसला होता, सगळे खुशीत होते, आणि ती भेळ खाऊन आम्ही ते बांधलंही असतं.

अण्णा सावरून म्हणाले, "शेक बंद करा म्हनून कोन ऐकायचं न्हाई बाई. माझ्या सुनंलाबी दिलाय. मीच कोळसा आनून दिल्ता." एस्तेर म्हणाली, "बंद नका करू. शेकायला जागा द्या." वॉर्डाच्या मागच्या अंगाला, थंड भागाच्या बाहेर, एक शेकाची खोली. दोन बाजूंना उघडी जाळी, वर धुराडं, मोऱ्या, गरम पाण्याची सोय, सासवांना बसायला कट्टा. मी तिथेच अहवालाच्या मागच्या बाजूला ती रेखाटली. डॉक्टरांनी अटी घातल्या, बाळ तिथे न्यायचं नाही आणि सिस्टर हजर पाहिजे, आणि धुसफुसत का होईना मान डोलवली. शेगड्या धरून आकडा पुन्हा मंजूर विजेबाहेर गेला होता; त्या वॉर्डाबाहेर गेल्या तसा सॉफ्टवेअरमधला सकाळचा भार उतरला, आणि आकडा पुन्हा मंजूर विजेत येऊन बसला. इंजिनिअरांनी तो दोनदा तपासला. भला माणूस होता तो. उठून तिला हात जोडून म्हणाला, मॅडम, हे मी शिकून चाललोय. ती त्याला म्हणाली, भेळ आणा.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. नवी इमारत सुरू होऊन पहिला कडक उन्हाळा, नदीकाठची वाळू तापून दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळा दवाखाना भरलेला, सगळी यंत्रं चालू. अण्णा विजेच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, एवढ्यात काहीतरी धाडकन बंद पडेल म्हणून. एस्तेर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट अशी जनरल वॉर्डातून हातात तापमापक घेऊन फिरत होती. आमच्या गावच्या यात्रेत कुस्ती मारलेला पैलवान आखाड्याला फेरी मारतो ना, अगदी तशी. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. मोठं यंत्र एका लयीत चालत राहिलं. वॉर्डातल्या पोरी आडव्या पडून गप्पा मारत होत्या, पोरं झोपली होती. मागच्या शेकाच्या खोलीत सासवांचं संमेलन भरलं होतं, कारण गावात त्यांना एवढं निवांत बसायला कुठे मिळतं! अण्णा वर आले, वॉर्डाच्या दारात थांबले, चपला काढल्या. आत आले नाहीत. तिथूनच एस्तेरला म्हणाले, "बाई, माझा शब्द तुमी राखला." आणि उपरण्याने डोळे पुसले. एस्तेरला अशा वेळी काय बोलावं कळायचं नाही, म्हणून ती मोठ्याने म्हणाली की आता भेळ अध्यक्षांनी द्यायची. आली. पाटीभर आली. बाळंतिणी सोडून सगळ्यांनी खाल्ली.

त्यानंतर वर्षभर तिच्याशी बोलणं मुश्कील होतं. सकाळी सातचा पीक लोड तिने भाजीवालीला सांगितला, एसटीच्या कंडक्टरला सांगितला, आमच्या होस्टेलच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात माइक हातात घेऊन सांगितला. मी म्हणायचे, पुरे गं आता. ती म्हणायची, का पुरे? जिंकलेलं सांगायचं नाही तर काय हरलेलं सांगायचं? आणखीही कितीतरी इमारती तिने तशाच वाचल्या. खर्ड्याकडची एक शाळा, नगरमधली अभ्यासिका, कुणाकुणाची घरं. पण तिच्या तोंडी तो वॉर्डच असायचा.

तिच्या अंत्यविधीला चर्च भरून वाहत होतं. पाळकसाहेब गंभीर चेहऱ्याने उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, थांबले आणि म्हणाले, "बहिणीने शेगडीची गोष्ट मला इतक्या वेळा ऐकवली आहे की ती न सांगता मी तिला निरोप दिला, तर ती वर माझी वाट बघत उभी असेल." आणि त्यांनी सांगितली. पहिल्या बाकावर तिची भाची रडता रडता हसायला लागली. मागच्या बाकावर अण्णा होते, वयाने वाकलेले, नातवाचा हात धरून आलेले. मालन सिस्टरही होत्या. मला वाटलं होतं त्या दिवशी मी मोडून पडेन. पण खरं सांगते, त्या चर्चमध्ये मला दुःखाइतकाच अभिमान वाटत होता. माझी मैत्रीण होती ती. माझी.

परवा, तिला जाऊन काही आठवडे झाल्यावर, त्या रुग्णालयात गच्चीची फरशी तपासायला जायचं होतं. भर दुपारची वेळ. गच्चीवर पाय ठरत नव्हता. काम उरकून खाली उतरले आणि पाय आपोआप जनरल वॉर्डाकडे वळले. आत गेले, दार मागे लागलं, आणि घामाने भिजलेल्या अंगावर तो गारवा आला. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. तिला फोन करून सांगावं असं इतकं वाटलं की पर्समधून मोबाईल बाहेर काढलाही होता...

जवळच्या खाटेवरच्या आजी मला न्याहाळत होत्या. कानाला स्कार्फ, मांडीवर नातू. "तुमी हितल्याच का ओ बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, तसं म्हणा. "मंग त्या मशिनीला जरा सांगा की. लई गार करतीया. लेकराला सोसंना." बोलता बोलता त्यांनी उशाच्या पिशवीतून आणखी एक गोधडी ओढली आणि नातवावर घातली, बाहेर मे महिना भाजत असताना.

मी मालन सिस्टरना शोधून काढलं आणि वॉर्डाचं तापमान एक डिग्रीने वाढवायला सांगितलं.